साठ हवे, आले एकशेवीस!

मुलांनो, गेल्या पावसाळ्यात आमची जुनी गाडी रुसली. काटे पडले, दिवे लुकलुकले, इंजिन सुरूच होईना. एका गॅरेजात म्हणाले, "बाई, कॉम्प्युटर गेला, बदला." म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार!

आळीतले मिस्त्रीकाका म्हणाले, "थांबा हो, आधी मोजू." बॅटरीची तार काढून त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटात ६ आणि १४ नंबरच्या पिनांना मीटर लावला. गाडीतले छोटे कॉम्प्युटर पीळ घातलेल्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध. विजेला वाटा दोन, म्हणून मीटरवर निम्मे, ६० हवेत. आले १२०! एक वाट तुटलेली.

सीटखाली उंदरानं कुरतडलेली तार सापडली. शेंगदाण्याची पुडी तिथे मीच विसरले होते. घरी अजून सांगितलं नाहीये हं!