यजमानाची साक्ष

‘स्टारगेट एसजी-१’ ही अमेरिकन-कॅनेडियन विज्ञानमालिका १९९७ ते २००७ या काळात दूरचित्रवाणीवर चालली. तिच्यातील ‘गोआउल्ड’ हे सर्पाकृती परजीवी मानेतून माणसात शिरतात, मज्जारज्जूला विळखा घालतात आणि देहावर सत्ता गाजवतात. डोळे चमकू लागतात, आवाज बदलतो, हातपाय परक्याची आज्ञा पाळतात. यजमान मात्र आत जागा असतो. सारे पाहतो, ऐकतो, पण बोलू शकत नाही. ‘यजमानाचे काहीच उरत नाही’, असे ते परजीवी सांगतात. ते असत्य असते.

तिसऱ्या पर्वात स्कारा या तरुणाच्या देहावर हक्क कोणाचा, याचा खटला चालतो. एका यंत्राच्या साहाय्याने दोघांनाही आळीपाळीने बोलता येते. स्कारा स्वतःच्या मुखाने साक्ष देतो आणि आपला देह परत मिळवतो.

तो भाग पाहताना मला एक मद्यासक्त गृहस्थ आठवले. ते ओसरीवर पडलेले असताना ‘यांच्यात आता माणूस उरलेला नाही’, असे मी त्यांच्या पत्नीला म्हणालो होतो. पुढे एका सकाळी, शुद्धीवर असताना, ते मला शांतपणे म्हणाले, “फादर, त्या दिवशी मी ऐकत होतो.”

ते वाक्य परजीवीचे होते. उच्चारले मात्र मी.