खांबावरची ती ठण्ण
इंदूरकर मंडळी, तुमच्या लहानपणी रात्री विजेच्या खांबावर काठी वाजायची का हो? आमच्या गल्लीत वाजायची. गस्तीचा शिपाई पायी यायचा, खांबावर एक ठण्ण करायचा आणि आजोबा कूस बदलत म्हणायचे, "आले हवालदार, झोपा आता." दिवसा तो ओट्यावर बसून पाणी प्यायचा. कोणाची मुलगी शिकवणीहून उशिरा येते, कोणाचं घर सुट्टीत बंद आहे, सगळं त्याला ठाऊक.

पुढे २०१५ मध्ये डायल १०० च्या गाड्या आल्या, २०२१ च्या डिसेंबरात शहराला पोलीस कमिशनर मिळाले. चांगलंच झालं. मागं एका अनंत चतुर्दशीला आईच्या गळ्यातली साखळी कोणीतरी ओढली, तेव्हा फोन करताच गाडी आलीसुद्धा. पोरं अदबीनं बोलली. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "माताजी, ये गली निकलती कहाँ है?" बाकी सगळा स्टाफ गिरण्यांच्या झांक्यांच्या बंदोबस्ताला. त्याला नावं ठेवत नाही, एवढ्या गर्दीत पोलीस हवेतच.

पण झांक्या वर्षातून एकदा निघतात आणि आई त्या दिवसापासून संध्याकाळी एकटी देवळात गेलेली नाही. ओळखीचा शिपाई पायी फिरत असला, तर फोन करायची वेळच कमी येते. नवी भरती होईल तेव्हा गल्ल्यांसाठीही दोन माणसं ठेवा, एवढंच मागणं.

परवा रात्री आई म्हणाली, "ती ठण्ण ऐकून किती वर्षं झाली रे?"