दुबार पेरणी

पाऊस दडी मारतो, सरकीचे कोंब करपून जातात आणि आपण उसनवारी करून पुन्हा बियाणे आणतो. दुबार पेरणी आपल्याला नवी नाही. पण माणसाच्या आयुष्यातही ती असते, हे मला एका सिनेमाने शिकवले. तो मी पाहिला घाटंजी तालुक्यातल्या माझ्या वावरात, रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देताना, मुलाच्या मोबाइलवर.

सिनेमाचे नाव ‘कौन प्रवीण तांबे?’. एप्रिल २०२२ मध्ये तो आला, थिएटरात नव्हे, मोबाइल-टीव्हीवरच. प्रवीण तांबे हा मुंबईचा खराखुरा माणूस. नोकरी सांभाळून क्लबचे सामने खेळायचा. आधी मध्यमगती गोलंदाज, मग लेगस्पिनर. रणजी संघात निवड होईल म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहिली. अखेर २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सने त्याला आयपीएलमध्ये उतरवले, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये त्याने सर्वांत जास्त, १२ बळी घेतले. मग मुंबईकडून रणजीही खेळला!

तांबेचे काम श्रेयस तळपदेने केले आहे. २००५ चा ‘इक्बाल’ आठवतो ना? बोलता-ऐकता न येणारा शेतकऱ्याचा पोरगा, म्हशींना खेळाडू समजून गोलंदाजी करणारा. तो हाच. पुढे विनोदी सिनेमांत तो चारचौघांतला एक झाला. सगळा सिनेमा एकट्याने ओढावा अशी कामे विरळ झाली. २०२१ मध्ये ‘माझी तुझी रेशीमगाठ’ मालिकेने तो पुन्हा घराघरांत आला, हिंदी ‘पुष्पा’तला नायक त्याच्या आवाजात बोलला आणि लगेच तांबे. ‘इक्बाल’नंतर १७ वर्षांनी, वयाच्या ४६ व्या वर्षी, पुन्हा हातात चेंडू. डिसेंबर २०२३ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तरी बरा होऊन तो पुन्हा कामाला लागला.

आता माझे सांगतो. सांगायला जड जाते. माझा मुलगाही गोलंदाज. धुऱ्यावरच्या निंबाला चेंडू मारून मारून त्याने साल सोलली होती. दहावीनंतर यवतमाळला निवड चाचणी होती. ऐन वेचणीचे दिवस, मजूर मिळेना.

“बाबा, दोन दिवस जाऊ का?”

“अन् कापूस कोन वेचन?”

तो काही बोलला नाही. ओटी बांधून पाटीत शिरला. त्याच्या मायने माझ्याकडे पाहिले, तेही मी पाहिले न पाहिले केले. त्या वर्षी बोंडअळीने कापूस असाही गेलाच.

‘इक्बाल’चा बापही पोराने शेतीच करावी म्हणून अडून बसतो. तो वाईट नाही, भ्यालेला आहे. मीही भ्यालेलाच होतो. मंडळी, सगळीच पोरे तांबे होत नाहीत, हे मला कळते. पण आपल्याच पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध विदर्भाकडून त्याने चार षटके टाकली, एकही धाव दिली नाही आणि दोन बळी घेतले. त्यालाही घरून कुणीतरी ‘जा’ म्हटलेच असेल.

सिनेमा संपला तेव्हा दांडातले पाणी फुटून शेजारच्या वाफ्यात गेले होते. मी मुलाला म्हटले, “चुकलंच रे माहं.” तो म्हणाला, “जाऊ द्या बाबा, पाणी पहा.”

यंदा तूर निघाल्यावर वावराचा कडेचा तुकडा आम्ही दोघांनी वखरून, रोलर फिरवून सपाट केला. मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे. संध्याकाळी गावची पोरे जमतात, तो त्यांना चेंडू धरायला शिकवतो. मी धुऱ्यावर बसून पाहतो.

तुमच्या घरी कुणी वेचणीच्या दिवसांत ‘जाऊ का?’ म्हणून विचारले, तर उत्तर देण्याआधी एक रात्र जाऊ द्या. कापूस दोन दिवस थांबतो.