घडाचा निर्णय मे महिन्यात होतो

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा निफाड-दिंडोरीकडच्या बागांत ऑक्टोबर छाटणी उरकत आलेली असेल. आगाप छाटलेल्या बागा फुलोऱ्याकडे निघालेल्या, मागास बागा अजून पोंग्यात. कोवळ्या फुटीतून इवलासा घड डोकावतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, वेलीला आत्ता घड आला. प्रत्यक्षात त्याचा पाया चारपाच महिन्यांपूर्वीच डोळ्यात घातला गेलेला असतो. द्राक्ष आणि वाइन या विषयात इतकी वर्षं काम करताना मला यापेक्षा महत्त्वाचं काही सापडलेलं नाही. घराजवळ एखादी वेल लावणाऱ्याने किंवा स्वतःच्या द्राक्षांची वाइन करू पाहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. पानगळ होते, थंडीत एकदा छाटणी करतात आणि वसंतात ती फुटते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडी नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी असते आणि ऑक्टोबरची त्या काडीवर फळ घेण्यासाठी. एप्रिलनंतरच्या फुटीवर फळ धरलं, तर ते पावसाळ्यात पिकायला येऊन सडेल. ऑक्टोबरनंतर धरलेला घड मात्र जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत पिकतो. त्यातला सुरुवातीचा काळ नाशिकच्या गार रात्रींचा असल्यामुळे मण्यातलं आम्ल लवकर जळून जात नाही. सपाट, गोडमिट्ट रसाला हे आम्लच जिवंत ठेवतं.

खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत नव्या काडीवरच्या डोळ्यांमध्ये सूक्ष्म उंचवटे तयार होतात. त्या उंचवट्याचा घड होऊ शकतो, तसाच आधाराला वेढे घालणारा तणावाही होऊ शकतो. दोघांचं मूळ एकच. काडीवर भरपूर ऊन पडलं, शेंडा वेळेवर खुडला, नत्र आणि पाणी बेताचं राहिलं, की घड होतो. गर्दीमुळे काडी सावलीत राहिली, नत्र जास्त झालं किंवा आभाळ सतत भरलेलं राहिलं, की बागायतदार ज्याला ‘बाळी’ म्हणतात ती हाती येते. म्हणून मे महिन्यात वेलीवर एकही घड नसताना जो माणूस दाटलेल्या काड्या विरळ करतो, त्याला मी खरा जाणकार मानतो.

घरी वेल लावायची तर सहा-सात तास ऊन आणि खेळती हवा हवी. फेब्रुवारीच्या सुमारास डॉगरिजसारखा जंगली खुंट लावावा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर हव्या त्या जातीचं कलम करावं. आपल्याकडे हा खुंट पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो म्हणून वापरतात. खुंटावर कलम करण्याची पद्धत जगभर पसरली ती मात्र फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले. अखेर अमेरिकी खुंटावर युरोपीय वेल बांधूनच ते वाचले.

अंगणातल्या वेलीचा पहिला शत्रू म्हणजे केवडा हा रोग. पानावर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी. दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस आला की आमच्या भागात झोप उडते ती याच्यामुळे. त्यावरचं जुनं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. एक टक्क्यासाठी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना. फ्रान्सच्या मेडॉक भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळसर मिश्रण मारत. त्याच वेली केवड्यापासून वाचल्याचं बोर्डोतले वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी मिलार्दे यांच्या ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जाहीर केला.

जातीची निवड वाइनच्या दृष्टीने निर्णायक ठरते. थॉमसन, सोनाका या खाण्याच्या जाती. त्यांना जीए (जिबरेलिक ॲसिड) हे वाढसंजीवक देऊन मणी फुगवतात, सालही पातळच हवी असते. वाइनला नेमकं उलटं हवं: लहान मणी, जाड साल आणि २२ ते २४ ब्रिक्स साखर. बहुतेक काळ्या जातींचा रस बिनरंगी असतो. रंग, तुरटपणा आणि बराचसा गंध सालीत असतो. शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यो लाल वाइनसाठी आणि शेनिन ब्लां, सॉव्हिन्यो ब्लां पांढऱ्यासाठी नाशिकला चांगल्या रुजल्या आहेत.

पुढची गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं, अगदी स्वतःपुरतं असलं तरी, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. इथे वेल लावा, द्राक्षं खा, वाइन परवानाधारकाला करू द्या. अमेरिकेत मात्र संघीय कायद्याने प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन वाइन स्वतःसाठी करता येते. विक्री चालत नाही. तिथल्या मराठी घरांतून मला विचारणा होते, ती कृतीबद्दल.

कृती थोडक्यात अशी. निरोगी घड घ्यावेत, मणी फोडावेत पण बी चिरडू नये. लाल वाइनला साली रसातच ठेवतात आणि वर येणारा सालींचा थर दिवसातून दोनतीनदा खाली दाबतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. त्या वायूला वाट द्यावी, भांडं घट्ट बंद केलं तर फुटतं. रस फार तापला तर गंध उडतो आणि यीस्टही दमतं. आंबणं थांबल्यावर गाळावरची वाइन दुसऱ्या भांड्यात काठोकाठ भरावी, कारण वर हवा राहिली की जिवाणू तिचं व्हिनेगर करतात.

कृती सगळीकडे जवळपास हीच असते, फरक पडतो तो द्राक्षाने. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तरी घरी फळांचा रस करण्याची मुभा राहिली आणि द्राक्षांची मागणी उलट वाढली. कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी चांगल्या जाती बदलून जाड सालीची आलिकांत बूशे लावली, कारण ती हजारो किलोमीटरचा रेल्वेप्रवास सोसायची. बंदी उठली तेव्हा उत्तम वाइनच्या जातीच कमी उरल्या होत्या. ती घडी बसायला कित्येक वर्षं गेली. प्रवास सोसणारं द्राक्ष आणि वाइन होणारं द्राक्ष यांतला फरक तिथे फार महागात शिकला गेला.

स्वतःच्या वेलीला प्रवासाची अट नाही, हेच तिचं मोठं भांडवल. घड पूर्ण पिकेपर्यंत थांबता येतं. मण्यात पाणी उतरलं की दर आठवड्याला वेगवेगळ्या घडांतले चारदोन मणी तोंडात टाका. आधी आंबटपणा बोचतो, मग साखर वर येते, मग सालीतला कडवट तुरटपणा मऊ होतो. बी चावून पाहा. हिरवं आणि कडू असेल तर थांबा. तपकिरी होऊन कुरकुरीत फुटलं तर तोडणीची वेळ झाली. साखर रिफ्रॅक्टोमीटर सांगतो, पण काढणीचा शेवटचा निर्णय मोठ्या वायनरीतही माणसं असेच मणी चाखून घेतात. ती चव ओळखायला एक वेल पुरते.