आतली कडा, बाहेरची कडा

आमच्या मुरब्यात बर्फ येतो तो मासळीसाठी. तो फोडायचा, होडीत भरायचा आणि पापलेटांवर पसरायचा. त्यावर माणसानं उभं राहून वर नाचायचं असतं, ही गोष्ट शेजारच्या तांडेलांना पटवायला मला दोन पावसाळे लागले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं ते एवढंच, "आणि नाच संपल्यावर त्या बर्फाचं करतात काय?"

हा विषय गावात आणला आमच्या नातीनं. ती टोरोंटोला असते, वय वर्षे बारा, आणि ज्याला फिगर स्केटिंग म्हणतात ते करते. एकदा तिचा फोन आला, "आजोबा, मला ई मिळाला." मास्तरच्या घरात ई म्हणजे सरळ नापास. हिनं लगेच फोन ओढून घेतला आणि "असू दे हो बाळ, पुढच्या परीक्षेला होईल नीट," अशी समजूतही घातली. पण हा ई प्रगतिपुस्तकातला नव्हता, 'एज'मधला होता. एज म्हणजे कडा. उडी मारताना कडा चुकली!

तर ती कडा अशी. आपल्या विळीला एक धार असते. स्केटचं पातं जेमतेम चार मिलिमीटर रुंद, पण त्याच्या मधोमध पन्हळ, त्यामुळे त्याला धारा दोन : एक आतली, एक बाहेरची. आलोइस लुट्झ नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थानं 1913 साली एक उडी मारली. उलटं घसरत यायचं, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर. मग उजव्या बुटाचं टोक बर्फात रोवायचं आणि ज्या बाजूला वळत आलो त्याच्या विरुद्ध दिशेनं हवेत गिरकी घ्यायची. म्हणजे बोईसरला निघालेल्या एसटीतून पालघरकडे तोंड करून उडी मारण्यातला प्रकार. शरीर बिचारं शहाणं असतं. ते शेवटच्या क्षणी पाय गुपचूप आतल्या कडेवर कलंडवतं आणि सोपं करून घेतं. पण मग ती लुट्झ राहत नाही, फ्लिप नावाची दुसरी उडी होते. ह्या खिचडीला त्या लोकांनी 'फ्लट्झ' असं गोड नावही ठेवलंय. तीन गिरक्यांच्या लुट्झचं मूळ मोल 5.90, फ्लिपचं 5.30. आमच्या नातीच्या दोन गिरक्यांना 2.10 आणि 1.80. सगळं महाभारत तीस शतांशांचं!

पण तिचं रडणं तीस शतांशांसाठी नव्हतंच. तिच्या आधी उतरलेल्या मुलीची कडाही तशीच कलंडली होती. तिला ई नाही, वर पदक. मुलानं दोन्ही चित्रफिती पाठवल्या, त्या मी तांडेलांना दाखवल्या. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे तांडेलांना वेळच वेळ. त्यांनी दोन्ही फिती अकरा वेळा बघितल्या आणि म्हणाले, "मास्तर, दोघी सारख्याच. पण काटा कुणाकडे तोंड करून ठेवलाय ते आधी बघावं." पापलेटला वजनाच्या वर्गाप्रमाणे भाव. पाच ग्रॅमनं वर्ग खाली गेलेला माणूस असली वाक्यं सहज बोलतो.

आणि खरंच तसं होतं. त्या मुलीनं उडी मारली ती दूरच्या कोपऱ्यात, पाय कॅमेऱ्याच्या आड. नातीनं मारली ती अगदी त्याच्या नाकासमोर. कडा ठरवायला तिघांचं वेगळं तांत्रिक मंडळ असतं. ते फीत पुन्हा लावून बघतात, पण शंका आली तर फायदा खेळाडूला. नियम चांगलाच आहे. फक्त शंका कोणत्या कोपऱ्यात जास्त येते हे पोरांना लवकर कळतं.

ह्या खेळात न्यायाची काळजी फार. 2002 साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये जोड्यांचं सुवर्ण रशियाला गेलं, मग एका फ्रेंच परीक्षिकेवर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि कॅनडाच्या जोडीलाही दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. 2004 मध्ये सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत गेली. मोठ्या स्पर्धेत आता नऊ परीक्षक, त्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा फेकून बाकीच्यांची सरासरी. ह्यावर कडी म्हणजे कोणी किती गुण दिले हेच गुप्त ठेवलं! ते 2016 मध्ये उघड करायचं ठरलं. चोर सापडावा म्हणून पोलिसांनाच बुरखे घालण्याची युक्ती आमच्या पंचायतीलाही सुचली नसती.

मी स्वतः तालुक्याच्या क्रीडास्पर्धांत वर्षानुवर्षं लांब उडीचा पंच होतो. चुन्याची रेघ, तिच्यापुढे माती. पाय पुढे पडला की मातीत ठसा. पोरं उडी मारून परत येताना तो ठसा अंगठ्यानं सहज पुसत येत, जणू देवळाची पायरीच झाडताहेत. म्हणून मी खुर्ची सोडून रेघेशी उकिडवा बसत असे. त्यानं गुडघे गेले, पण एकही ठसा गेला नाही.

नातीला तिच्या एका मैत्रिणीनं सल्ला दिला होता, "तूही कोपऱ्यात मार." प्रशिक्षिका म्हणत होत्या, लुट्झ पार मोडून एका गिरकीपासून पुन्हा शिक, त्यात हा अख्खा हंगाम जाईल, स्पर्धा नाही. तिनं मला विचारलं. बाराव्या वर्षी एक हंगाम म्हणजे केवढा असतो हे ठाऊक असल्यानं मी उपदेश केला नाही. नुसतं विचारलं, "तुला स्वतःला कळतं का गं, पाय कलंडला ते?"

"कळतं ना. आवाजच वेगळा येतो."

पुढच्या महिन्यात कळलं की तिनं लुट्झ मोडली. एवढंच नव्हे, त्या पदकवाल्या मुलीला जाऊन सांगितलं की तुझी कडा माझ्यापेक्षा वाईट आहे. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवसापासून दोघी मिळून एकेक गिरकीची लुट्झ घोटताहेत; ही तिची कडा बघते, ती हिची. नीट दिसावं म्हणून फोन बर्फावर आडवा ठेवतात. त्यात मुलाचा नवा फोन भिजून बंद पडला, आणि तो खर्च शिकवणीत धरायचा की खेळात, हे त्यानं मला विचारलं आहे.