बाथरूम नवं करताना

इमारत 1986 सालची, कोथरूडमधली. त्या काळच्या बऱ्याच घरांसारखा संडास वेगळा, न्हाणी वेगळी, मध्ये बेसिन. हल्ली सगळे मधली भिंत पाडून एकच मोठं बाथरूम करतात. आम्ही ती पाडणार नाही. घरात पाच माणसं आहेत आणि सकाळी सातला दोघांना दोन दारं लागतात.

*

टाइल्सच्या दुकानात सगळ्यात शेवटी जावं. बहुतेक घरांत उलट होतं. मोरबीहून आलेल्या शेकडो नमुन्यांतून रंग निवडण्यात शनिवार-रविवार जातात, आणि वॉटरप्रूफिंगचं मात्र ठेकेदाराला सांगितलं जातं, ‘ते तुम्ही बघून घ्या’. टाइल आवडेनाशी झाली तर नुसती डोळ्यांना खुपते. खालचं काम कच्चं राहिलं तर सगळं पुन्हा फोडावं लागतं, आणि त्याआधी खालच्या घराचं छत ओलं होतं.

*

आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे: गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची; घरातल्या संडास-बाथरूमची, सिंकची गळती ज्याची त्याने, स्वतःच्या खर्चाने. भांडणं होतात ती गळती नेमकी कुठून येते यावरून. म्हणून फोडकाम सुरू होण्याआधी खालच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या छताचे फोटो काढून आणले, त्यांच्यासमोरच. त्यांनाही बरं वाटलं.

*

पाणी गळतं ते सहसा फरशीच्या मधून नाही. ते कडांनी गळतं: न्हाणी ट्रॅप स्लॅबला जिथे मिळतो तिथून, पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथून, भिंत आणि जमीन जुळते त्या कोपऱ्यातून. गवंड्याला उभं राहून करून घ्यायचं ते एवढंच. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढायचा, ट्रॅपभोवतीची जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची, कोपरे गोलसर करायचे, मग लेप. लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर निदान फूटभर वर, आणि आंघोळीच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत.

त्यानंतर जाळी बंद करून पाणी भरून ठेवायचं. चोवीस तास तरी, अठ्ठेचाळीस असतील तर उत्तम. या दिवसांत काम थांबतं, माणसांचा रोज जातो, म्हणून सगळ्यांना ही परीक्षा टाळायची असते. तो खर्च आधीच हिशोबात धरावा आणि रोज देऊन टाकावा. पाणी भरलेलं असताना खालच्या घरी दोनदा जाऊन छताला हात लावून पाहावा.

*

ढाळ. मीटरमागे एक ते दीड सेंटीमीटर, जाळीकडे. जाळी एका कोपऱ्यात आणि टाइल दोन बाय दोनची असेल, तर ढाळ नीट बसत नाही. टाइल तिरकी कापावी लागते किंवा पाणी साचतं. बाथरूमच्या जमिनीला एक बाय एकची टाइल पुरे. सांधे जास्त येतात, पायाला पकडही जास्त मिळते.

*

टाइल निसरडी आहे का हे दुकानात कोरड्या हाताने कळत नाही. नमुन्याचा तुकडा घरी आणावा, त्यावर पाणी, साबण आणि थोडं खोबरेल ओतून अनवाणी उभं राहून पाहावं, कुणाचा तरी हात धरून. आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे घरातली सगळी माणसं तेल लावून याच फरशीवर येतात.

*

आजोळची न्हाणी दगडी होती, वाड्याच्या मागच्या बाजूला. बंब बाहेर, घंगाळ आत, आणि बसायला मोठा सपाट धोंडा. पाणी पन्हळीतून मागच्या अळूला आणि केळीला जायचं. आजी शेवटपर्यंत तिथे स्वतःची स्वतः आंघोळ करत होती. आता नीट विचार केल्यावर त्याचं कारण दिसतं: ती बसलेली असायची, पाणी हाताच्या उंचीवर असायचं, आणि आत-बाहेर करताना पाय फार उचलावा लागत नव्हता.

*

आईला शॉवर नको. तिला बादली आणि तांब्या हवा, पण वाकता येत नाही. डिझायनरने शॉवरची काचेची खोली काढून दिली होती. ती रद्द केली. त्याऐवजी बसायला ग्रॅनाइटचा कट्टा, सुमारे अठरा इंच उंच. शेजारी बादलीसाठी फूटभर उंचीचा दुसरा कट्टा, आणि नळ त्या हिशोबाने वर. नळाची उंची प्लंबरला भिंतीत खाच पाडण्याआधी सांगावी लागते. तो नेहमीच्या मापाने पाइप सोडून मोकळा होतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

*

आधाराचा दांडा. तो कमोडजवळ आणि कट्ट्याजवळ, उंची आईला उभं करून तिच्या कोपराशी मापून ठरवली. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत स्क्रू ओढ सहन करत नाहीत. भिंत तशी असेल तर तेवढ्या जागी टाइल लावण्याआधीच भरीव काम करून घ्यावं. टॉवेलचा रॉड आधारासाठी नसतो, पण पाय घसरला की माणूस हाताला येईल ते पकडतो. म्हणून जवळचा रॉडसुद्धा तेवढाच भक्कम बसवायला सांगितला.

दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं आणि शरीर दाराला टेकलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी. उंबरठा अर्ध्या इंचाचा. एवढा कमी ठेवायचा तर आतला ढाळ बिनचूक हवा. सगळी कामं अशी एकमेकांत अडकलेली असतात.

*

रंग: फिका. बोअरच्या पाण्याचे क्षार काळ्या टाइलवर फार दिसतात.

*

गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत कधीही नको. हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि कडी आतून लागलेली असते. महाराष्ट्रात अशी तरुण माणसं गेली आहेत. ‘एक्झॉस्ट फॅन आहे की’ या उत्तरावर विसंबू नये. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत लावावा. विजेचा घेतला तर अर्थिंग तपासून घ्यावं आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

*

काम करणाऱ्या माणसांनी दिवसभर कुठे जायचं, हे कुणी ठरवत नाही. दोन दारं ठेवल्याचा इथेही उपयोग झाला. न्हाणी फोडली तेव्हा संडास चालू होता, आणि तो आमच्याइतकाच त्यांचाही होता. ज्यांच्या हातून घरातलं बाथरूम तयार होतं, त्यांना घरातलं बाथरूम नाकारणं मला पटत नाही.

*

टाइल लावण्याआधी शेवटचं काम. पाइपांत पाणी दाबाने भरून काही तास ठेवा, कुठे थेंब येतो का पाहा. मग प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा, पाइप जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते दिसेल असे. ते छापून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. पुढे या भिंतीत खिळा ठोकणाऱ्याला त्यांची गरज पडेल.