काळूचा पेंढा

आमच्या घराला कुत्रे नव्हते असे एकही वर्ष आम्हांस आठवत नाही. परंतु कुत्र्याला घरात कसे वागावे हे शिकविण्याचा प्रसंग मात्र गेल्या श्रावणापर्यंत आमच्यावर कधी आला नव्हता. जोयडा तालुक्यातील आमच्यासारख्या सुपारीच्या बागेवर जगणाऱ्या मराठी घरांत कुत्रे हे अंगणाचे असते. फार तर पडवीच्या पायरीपर्यंत त्याचा अधिकार. ओटीवर पाऊल टाकलेच, तर आमच्या मातोश्रींचा एक शब्द पुरे होत असे. त्याने आपले विधी कोठे उरकावेत याची चिंता आम्ही कशाला करावी? समोर बाग होती, बागेपलीकडे रान होते.

वडीलधाऱ्या वाचकांच्या स्मरणात हा मुलूख अजून सुपा तालुका म्हणूनच असेल. ते सुपा गाव १९८० नंतरच्या दशकात काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. रान मात्र राहिले. दांडेलीचे अभयारण्य १९५६ सालचे; अणशीचे उद्यान आणि ते मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला काळीचे नाव मिळाले. वाघाचे दर्शन आमच्या वाट्याला क्वचितच येते. बिबट्या मात्र शेजारी म्हणावा इतका जवळचा, आणि या शेजाऱ्याला कुत्रा फार आवडतो. नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास झाला व २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचाच निघाला. हे आम्ही पुष्कळ नंतर वाचले. त्याआधी मोत्या गेला होता.

मोत्याविषयी थोडक्यात सांगतो. रानडुकरांच्या मागे धावून तो जखमी होऊन येई, म्हणून आम्ही त्याला रात्री पडवीच्या खांबाला साखळीने बांधू लागलो होतो. मार्गशीर्षातल्या एका रात्री तो भुंकला. आम्ही जागे झालो, डुक्कर आले असेल असे एकमेकांस म्हणालो आणि कूस बदलली. सकाळी खांबाला साखळी होती. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही ही गोष्ट आम्हांस तेव्हा सुचली.

आठ महिने घरात कुत्रे नव्हते. श्रावणात आमच्या बागेत काम करणाऱ्या कुणबी गड्याच्या बायकोने पदराखाली झाकून एक काळे पिल्लू आणले. दोन महिन्यांचे, पोट नगाऱ्यासारखे. ते अंगणात ठेवायचे नाही, रात्री ते दाराच्या आतच निजेल, असे आम्ही ठरविले. मातोश्रींचे वय एक्याऐंशी. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माजघरापर्यंत येऊ दे. देवघराचा उंबरा ओलांडला तर मी जेवणार नाही.” मुलांनी त्याचे नाव काळू ठेवले.

पहिल्या रात्री काळूने माजघरात तीन ठिकाणी ओले केले. दुसऱ्या रात्री चार. आम्ही सुशिक्षित माणसे; तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जंताचे औषध आणायला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. तितक्या तासांपेक्षा जास्त त्याला धरवत नाही, आणि हीसुद्धा कमाल मर्यादा. निजून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेर न्या.” हे शास्त्र पुण्यामुंबईच्या पिल्लांस ठीक आहे. आमच्याकडे श्रावणात ‘बाहेर’ म्हणजे काय असते याची कल्पना ज्यांनी कॅसलरॉकचा पाऊस पाहिला आहे त्यांनाच येईल. छत्री धरून आम्ही अंगणात उभे राहत होतो, काळू आमच्या दोन पायांच्या मध्ये उभा राहून थरथरत असे, आणि आत येऊन पंचाने अंग पुसून झाले की लगेच त्याच पंचावर त्याला आठवण होई.

भाषेचाही घोळ होताच. आम्ही त्याला “बाहेर चल” म्हणत होतो. मुले कन्नड शाळेत जातात, ती आपसात खेळताना कन्नडच बोलतात. ती त्याला “होरगे नडी” म्हणून दटावीत. गड्याची बायको “भायर” म्हणे. मातोश्री तर त्याला उद्देशून काहीच बोलत नसत. त्या आमच्याकडे पाहून बोलत. बिचाऱ्याने कोणाचे ऐकावे? आपल्या मराठी घरांत मुले तीन भाषांत वाढतात आणि त्याचा आपणांस अभिमानही वाटतो, पण दोन महिन्यांच्या पिल्लावर तो भार टाकणे शहाणपणाचे नव्हते. शेवटी निवड काळूनेच केली. “भायर” म्हटले की त्याचे कान उभे राहत. तो जन्मलाच त्या घरात. ती त्याची मातृभाषा. साठ वर्षे या तालुक्यात राहून ज्यांनी आपले मराठी कधी सोडले नाही, त्या मातोश्रीही पुढे भिंतीकडे तोंड करून “भायर, भायर” असे पुटपुटताना आम्ही ऐकल्या.

आता जे सांगावयाचे ते सांगण्यास संकोच वाटतो. तिसऱ्या आठवड्यातील एका सकाळी काळू कणगीजवळ बसलेला, आणि त्याच्याखाली हातभर ओले. रात्रीतून दोनदा उठून आम्ही थकलो होतो. वर्तमानपत्राची गुंडाळी करून आम्ही त्याला दोन फटके दिले आणि कोणीतरी पूर्वी सांगितले होते म्हणून त्याचे नाक त्या ओल्यात लावले. तो ओरडला नाही. आम्ही पुसायला फडके घेऊन वाकलो, तर मानेवर थेंब पडला. वरचे कौल सरकले होते. ते पावसाचे पाणी होते.

मातोश्री जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “महाभारत कुठं सुरू होतं ठाऊक आहे ना? कुत्रीच्या पिल्लाला मारण्यापासून.” आदिपर्वातील ती कथा लहानपणी आम्ही त्यांच्याकडूनच ऐकली होती. जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पिल्लू तेथे आले, आणि त्याच्या भावांनी ते बडविले. पिल्लू रडत आईकडे गेले. तूच काही अपराध केला असशील, असे आई प्रथम म्हणाली. पिल्लू म्हणाले, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारती झाली. कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला, की निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. मातोश्रींनी कथा पुरी सांगितली नाही. तेवढ्या एका वाक्यानंतर त्या पुन्हा माळ ओढू लागल्या. न दिसणारे भय म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

फटक्यांचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. काळू आमच्यादेखत काहीच करीना, अंगणातसुद्धा. आमची पाठ वळली की कणगीच्या मागे, जुन्या ट्रंकेच्या आड जाऊन करी. घरात करू नये हे तो शिकला नव्हता. या माणसासमोर करू नये एवढेच शिकला होता. डॉक्टर म्हणाले, “आता पंधरा दिवस मागं गेलात.”

तोड गड्याच्या बायकोने काढली. ती पिल्लू कसे आहे ते पाहायला आली, माजघराची शेणाने सारवलेली जमीन तिने पाहिली आणि हसली. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की पिल्लू जन्मले गोठ्यातल्या पेंढ्यात, मातीवर; तुमची आतलीही जमीन माती आणि बाहेरचीही माती, त्याला आत कोणते आणि बाहेर कोणते हे कसे कळावे? डॉक्टरांनीही यास दुजोरा दिला. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाच्या पायांना ज्या पृष्ठभागाची सवय लागते, तोच ते पुढे शोधीत राहते. तिने स्वतःच्या गोठ्यातून, जेथे काळू जन्मला तेथलाच, एक भारा पेंढा आणला आणि आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात पसरला.

आमचा गोठा घराला लागूनच आहे. एकाच छपराखाली, मधल्या दाराने जोडलेला, आणि बाहेरच्या बाजूस मजबूत फळ्यांचा. पावसात भिजणे नाही, रात्री उघड्यावर जाणे नाही. ही सोय शंभर वर्षे घरात होती आणि आम्हांस दिसली नव्हती. काळूने पेंढा हुंगला, तीन फेऱ्या मारल्या आणि बसला. आम्ही आनंदाने ओरडणार होतो. गड्याच्या बायकोने हाताने गप्प केले. त्याचे होऊ द्यावे, मग गुळाचा खडा द्यावा, असा तिचा क्रम. डॉक्टरांनी गुळाच्या जागी भाकरीचा तुकडा सुचविला. घाण झालेला पेंढा रोज काढून बागेच्या टोकाला खड्ड्यात पुरावा लागतो, शेणखतात मिसळायचा नाही; कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मुलांस बाधतात.

चतुर्थी ते दिवाळी एवढा काळ लागला. अधूनमधून चुका झाल्या. फटका एकही दिला नाही.

कार्तिकातील एका रात्री काळूने दार खरवडले. आम्ही कंदील घेऊन उठलो, मधले दार उघडले. गाई उभ्या होत्या, कान ताठ करून, आणि बाहेरून लाकूड करवतीने कापावे तसा आवाज येत होता, थांबून थांबून. ज्याने तो एकदा ऐकला आहे त्याला तो कोणाचा हे सांगावे लागत नाही. काळू पेंढ्यापर्यंत गेला आणि आमच्याकडे पाहत उभा राहिला. त्याला धरवत नव्हते आणि भीतीने बसवतही नव्हते. आम्ही त्याच्याजवळ पेंढ्यातच उकिडवे बसलो. पुष्कळ वेळाने त्याचे झाले. आत आलो तो मातोश्री अंथरुणावर उठून बसलेल्या. “झालं का त्याचं?” एवढेच त्यांनी विचारले आणि आपल्या पायाशी जागा केली. सकाळी तुळशीवृंदावनाजवळच्या ओल्या मातीत पंजे उमटले होते.

आता काळू आठ महिन्यांचा आहे. रेबीजची लस झाली आहे. रानातल्या पानांवर, गवतावर तो ढुंकूनही पाहत नाही. त्याला पेंढाच लागतो, आणि ही आमची नवी अडचण आहे. पुढल्या महिन्यात बेळगावास भाचीचे लग्न आहे, मुले त्याला घरी ठेवून यायला तयार नाहीत, आणि तिथल्या बिऱ्हाडात सर्वत्र गुळगुळीत फरशी. पेंढ्याचे एक गाठोडे आम्ही आताच बांधून ठेवले आहे. एसटीच्या कंडक्टरने विचारले तर काय सांगावे, ते अजून ठरलेले नाही.